जरा बाजूला सरता का?

नगर जिल्ह्यातल्या एखाद्या गावात गळ्यात मोठा कॅमेरा अडकवून शिरलं की पहिला प्रश्न ठरलेला असतो. "पंचनाम्याला आलात का, साहेब?" अवकाळी, गारपीट आणि दुष्काळ आलटूनपालटून सोसलेल्या माणसांच्या हिशेबी पडक्या भिंतीचा फोटो काढणारा इसम सरकारीच असणार, दुसऱ्या कुणाला पडक्या भिंतीशी काय देणंघेणं? नाही म्हटलं की दुसरा प्रश्न, "मग रस्ता जायचाय का हिथून?" त्यालाही नाही म्हटलं की तिसरा, "पेपरात येणार का?" तिन्हींना नकार दिल्यावर आपल्यापाशी एकच उत्तर उरतं: भिंत छान दिसते म्हणून फोटो काढतोय. हे उत्तर पारावर बसलेल्या चौघांना मोठ्याने देऊन बघा. देता देता आपलं आपल्यालाच पटेनासं होतं.

जिल्ह्याचं नाव आता अहिल्यानगर आहे. अहिल्याबाई होळकरांचा जन्म १७२५ साली याच जिल्ह्यातल्या जामखेड तालुक्यात, चोंडीला झाला. क्षेत्रफळात हा राज्यातला सगळ्यात मोठा जिल्हा, सतरा हजार चौरस किलोमीटरांहून जास्त. पश्चिमेला अकोले तालुक्यात कळसूबाईचं १६४६ मीटरचं शिखर आणि हजारो मिलिमीटर पाऊस. पूर्वेला पाथर्डी-जामखेडकडे लोक जूनपासून मान वर करून बसलेले. फोटोवाले बहुतेक सगळे पश्चिमेला जातात, तेही पावसाळ्यात. त्यामुळे फोटोंवरून ज्यांना हा जिल्हा ठाऊक आहे त्यांची समजूत अशी होते की नगर म्हणजे बारमाही हिरवळ, धुकं आणि धबधबे. याच जिल्ह्यातल्या श्रीगोंद्याचा माणूस ते फोटो बघून विचारतो, हे कुठलं?

गावातला सगळ्यात फोटोजोगा वाडा गावातल्या सगळ्यात मोठ्या भांडणाचा पुरावा असतो, हे मात्र मला फार उशिरा उमगलं. सागवानी चौकट, कोरीव तुळया, दिंडी दरवाजावर वाढलेला पिंपळ, ओसरीवर तिरकं आलेलं ऊन. बाहेरचा माणूस हरखून जातो आणि म्हणतो, काय जपलंय! कुणी जपलेलं नसतं. तीन भावांच्या वाटण्या झाल्या नाहीत, कोर्टात तारखा पडताहेत, म्हणून कुणालाही तुळई काढता येत नाही की स्लॅब टाकता येत नाही. ज्या भावांचं पटलं त्यांचे वाडे केव्हाच गेले. तिथे आता स्लायडिंगच्या खिडक्यांचे बंगले आहेत. महाराष्ट्रातला बराचसा वारसा पुरातत्त्व खात्याने राखलाय म्हणतात. उरलेला भाऊबंदकीने राखला.

अशा वाड्यापुढे आपण गुडघे टेकून कोन साधत असतो, तेवढ्यात मागून कुणीतरी सुचवतं, "तिकडं काय पडलंय? इकडचं काढा की." इकडे म्हणजे नवी कमान. दोन्ही बाजूंना सिमेंटचे हत्ती, वर देणगीदारांची नावं, खाली पेव्हर ब्लॉक. किंवा नवा सभामंडप, ज्याच्या एका खांबात सात रंग आहेत. किंवा जिल्हा परिषदेची डिजिटल शाळा. गावाची स्वतःच्या देखणेपणाविषयी एक ठाम समजूत असते आणि ती पाहुण्याच्या समजुतीशी जुळत नाही. मला ती हास्यास्पद वाटत नाही. कमान गावाने वर्गणी काढून उभी केलेली असते, वाडा नुसता पडायचा राहिलेला असतो. कौतुक कशाचं करायचं, हा प्रश्न गावाने आपल्यापेक्षा जास्त वेळा सोडवलेला असतो.

फोटोवाल्याचा मुख्य धंदा काढण्याचा नसून वगळण्याचा असतो. विजेची तार वगळा, मोबाइलचा टॉवर वगळा, "वाढदिवसाच्या हार्दिक शुभेच्छा" देणारा फ्लेक्स वगळा, निळी प्लास्टिकची टाकी वगळा. एवढं करून चौकटीत एखादा माणूस उरलाच, तर अत्यंत नम्र आवाजात, "काका, जरा बाजूला सरता का?" आणि काका सरतात. स्वतःच्या दारासमोरून!

जुन्या काळी नेमकं उलट होतं. पुरातत्त्व सर्वेक्षणाचे साहेब देवळांचे फोटो घेत तेव्हा उंचीचा अंदाज यावा म्हणून एखाद्या माणसाला मुद्दाम खांबाशेजारी उभं करत. हेन्री कझेन्स यांच्या १९३१ साली निघालेल्या दख्खनच्या देवळांवरच्या ग्रंथात आपल्या जिल्ह्यातलं रतनवाडीचं अमृतेश्वर आहे, भीमाकाठचं पेडगाव आहे. त्या काळच्या फोटोंतून असा एखादा फेटेवाला काठी घेऊन निश्चल उभा दिसतो. त्याचं नाव कुणी लिहून ठेवलं नाही, त्याचा उपयोग मोजपट्टीएवढाच. पण फोटोत राहिला. आपण देऊळ ठेवतो आणि त्या फेटेवाल्याच्या पणतवाला बाजूला सारतो.

नावाचा विषय निघालाच आहे तर सलाबतखानाबद्दल बोलायला हवं. नगर शहरापासून बारा-तेरा किलोमीटरवर शहाडोंगरावर एक अष्टकोनी, तीनमजली, दणकट दगडी इमारत आहे. शहराचे जेवढे फोटो काढले जातात त्यांत हिचा वाटा मोठा असावा. मावळतीच्या उजेडात तिच्या कमानी अशा काही काळ्याभोर उठतात की साध्या मोबाइलवाल्यालाही आपण कलावंत असल्याचा भास होतो. फोटोखाली लिहिलेलं असतं: चांदबिबीचा महाल. वस्तुतः ती मुर्तजा निजामशहाचा मंत्री सलाबतखान याची कबर. चांदबिबीने १५९५-९६ साली मोगलांच्या वेढ्याला तोंड देत किल्ला लढवला, तो खाली शहराजवळ. वर डोंगरावर तिचा महाल नव्हता. पण लोकांना राणी आवडते, मंत्री आवडत नाही, आणि सव्वाचारशे वर्षं होऊन गेली तरी मंत्र्याला स्वतःच्या कबरीवर स्वतःचं नाव मिळालेलं नाही. इमारतीला आणखी मजले चढवायचे होते, म्हणजे वरून दौलताबाद दिसलं असतं, अशीही एक गोष्ट सांगतात. राहून गेलं. मंत्र्यांच्या योजनांचं तेव्हाही असंच होत असावं.

हल्ली तिथे लग्नाआधीचे फोटो काढायला जोडपी येतात. ती पायघोळ गाऊनमध्ये, तो गॉगल लावून, वर ड्रोनची भुणभुण. फोटोग्राफर सांगतो, "दादा, वहिनींच्या डोळ्यांत बघा, एकदम रोमँटिक पाहिजे." खाली तळघरात कबरी. सलाबतखानाची काही हरकत नसावी, नाहीतरी जागा तो महाल म्हणूनच देतोय. शहराजवळच्या त्या भुईकोट किल्ल्याकडे मात्र ही मंडळी जपून वळतात. तो लष्कराच्या ताब्यात आहे. १९४२ ते ४५ नेहरू तिथे कैदेत होते आणि तिथेच त्यांनी 'डिस्कव्हरी ऑफ इंडिया' लिहिलं. तिथे आधी नियम विचारावेत, मग कॅमेरा काढावा.

निसर्गाच्या फोटोंचंही फारसं वेगळं नाही. भंडारदऱ्याचा अम्ब्रेला फॉल पाहून 'निसर्गाची किमया' असं लिहायचा मोह होतो. किमया पाटबंधारे खात्याची. प्रवरेवरचं विल्सन धरण १९२६ साली पुरं झालं. धरणातून पाणी सोडलं की ते खालच्या गोलसर कातळावरून छत्रीसारखं पसरतं आणि त्याखाली माणसं भिजून निघतात. पाणी बंद केलं की निसर्ग बंद. त्या कातळावरून उतरलेलं पाणी नदीने आणि कालव्यांनी संगमनेर, राहाता, श्रीरामपूर, राहुरीकडे जातं आणि त्याचा ऊस होतो. धबधब्यापाशी फोटो काढणाऱ्याला याची खबर नसते. राहुरीच्या शेतकऱ्याला कालव्याचं आवर्तन सुटलं की नाही एवढीच खबर हवी असते.

हरिश्चंद्रगडाचा कोकणकडा मात्र या सगळ्यांना पुरून उरतो. तिथे धुकं दरीत असताना आणि ऊन पाठीमागून असताना कधीकधी इंद्रवज्र दिसतं, म्हणजे इंद्रधनुष्यासारखं पूर्ण गोल कडं, आणि त्याच्या मधोमध बघणाऱ्याची स्वतःची सावली. शेजाऱ्याच्या वर्तुळात शेजारी, आपल्या वर्तुळात आपण. कर्नल साइक्स या इंग्रज अधिकाऱ्याने १८३५ साली ते पाहिल्याचं सांगतात. छायाचित्रणाचा शोध पॅरिसमध्ये जाहीर झाला १८३९ साली, म्हणजे साइक्स चार वर्षांनी चुकला. काय दिसलं ते बिचाऱ्याला शब्दांत सांगावं लागलं. आज तिथे जमलेली गर्दी तासन् तास धुक्याकडे कॅमेरे रोखून बसते आणि अखेर जे मिळतं त्यात मध्यभागी तीच असते. सेल्फीची सोय निसर्गाने आधीच करून ठेवली होती.

काजव्यांविषयी थोडक्यात. मेअखेरीस आणि जूनच्या सुरुवातीला अकोल्याच्या झाडांवर काजवे लखलखतात आणि त्यांच्या मागे गाड्यांचे दिवे. ते झगमगते फोटो बहुधा एकाच झाडाच्या अनेक फोटोंची चळत एकावर एक रचून झालेले असतात. त्यामुळे फोटो पाहून आलेला माणूस खरं झाड पाहून थोडा हिरमुसतो आणि मोबाइलचा टॉर्च लावतो. काजव्यातला नर मादीला बोलावण्यासाठी चमकत असतो. त्याच्या संसारात आपण दिवा लावू नये, एवढंच.

आता ऊस. डिसेंबर-जानेवारीत पहाटे प्रवरानगरच्या बाजूला जावं. आशियातला पहिला म्हणवला जाणारा सहकारी साखर कारखाना १९५० साली इथेच सुरू झाला. रस्त्यावर धुकं, धुक्यातून उसाने लादलेल्या बैलगाड्यांची रांग, बैलांच्या नाकपुड्यांतून वाफ, गाडीवर घोंगडी पांघरून बसलेली बाई, मागून केशरी उजेड. असा फोटो स्पर्धेत हमखास बक्षीस मिळवतो. 'ग्रामीण पहाट' असं त्याला नाव देतात. ती पहाट नसते. फडात लोक मध्यरात्रीनंतर केव्हातरी उठलेले असतात, गाडी भरून निघालेले असतात, कारखान्याच्या काट्यावर नंबर लागायला अजून किती तास लागणार ते कुणाला माहीत नसतं. बीडहून, पाथर्डी-शेवगावहून आलेलं नवरा-बायकोचं जोडपं, हिशेबाच्या वहीत दोघांचा मिळून एक कोयता.

अशाच एका गाडीवरच्या बाईंना मी विचारलं, "फोटो काढू का, मावशी?" त्या म्हणाल्या, "आत्ता नगं, तोंडबी धुतलं नाही. दुपारून कोपीवर या." दुपारी गेलो. पाचटाच्या कोपीपुढे सडा टाकलेला. मावशी धुवट लुगड्यात, केस चापून बसवलेले, पोरांना पावडर, धाकट्याच्या अंगात शाळेचा गणवेश. नवऱ्याने टोपी घातली होती. सगळे ओळीत, हात सरळ खाली, नजर थेट कॅमेऱ्यात, कुणी हसत नव्हतं. छायाचित्रणाच्या कुठल्याही शिबिरात या फोटोला पास करणार नाहीत. उजेड डोक्यावरचा, चौकट सपाट, मागे निळी ताडपत्री. पहाटेचा फोटो तुमच्या-माझ्या भिंतीसाठी. हा त्यांच्या. दोन्हींत खरा कुठला म्हणून कुणी विचारलं, तर माझं मत दुपारच्या बाजूने आहे. त्यात त्या लोकांचं म्हणणं आहे.

निघताना त्यांनी विचारलं ते जिल्ह्यात सगळीकडे विचारतात: "आमाला पाठवताल ना?" आणि फोटोवाले म्हणतात तेच मी म्हटलं, "पाठवतो की." मराठी मुलखात इतक्या सहज दिलं जाणारं दुसरं आश्वासन नसेल, निवडणुकीतही त्याआधी थोडा घसा खाकरतात. मोबाइलवर टाका म्हणावं तर नंबर बदललेला असतो, फोन पोराच्या हातून पाण्यात पडलेला असतो.

तेव्हा एवढंच करा. नगरला जा, शहाडोंगरावरून फोटो काढा, पण खाली सलाबतखानाचं नाव घाला. तार, टाकी, फ्लेक्स आले चौकटीत तर येऊ द्या. काकांना सारू नका. आणि तालुक्याच्या स्टुडिओत कागदावर प्रिंट काढून ती पाकिटात घालून टपालाने पाठवा; गाव, पोस्ट, तालुका, पिनकोड तिथल्या तिथे लिहून घ्या. ऊसतोडीच्या लोकांकडून मूळ गावचा पत्ता घ्या, कोपीचा नको. कारखान्याचा पट्टा पडला, म्हणजे हंगाम संपला, की कोपी मोडतात.