स्वतंत्र ब्लॉक, सामायिक पत्ता

गिरगावातील चाळीला पत्ता एक आणि खोल्या अनेक असतात. घरगुती राउटरही याच न्यायाने चालतो, म्हणजे बाहेरच्या जगाला एकच सार्वजनिक पत्ता दाखवून आतल्या फोन, टीव्ही व कॅमेऱ्यांना बहुधा १९२.१६८ ने सुरू होणारे खासगी पत्ते डीएचसीपी या सेवेमार्फत मुदतीने वाटतो. बाहेरून आलेली विनंती नेमक्या उपकरणाकडे धाडण्याच्या सोयीस पोर्ट फॉरवर्डिंग म्हणतात. लालबागच्या पुनर्विकसित टॉवरात नुकताच स्थिरावलेला गृहस्थ गणपतीला कोकणात गेल्यावर घरचा कॅमेरा पाहता यावा म्हणून ही सोय रात्र जागून लावतो, कॅमेऱ्याचा पत्ता कायम करतो, पोर्ट क्रमांक भरतो, ‘सेव्ह’ दाबतो, आणि तरीही बाहेरून काहीच दिसत नाही. कारण आयपीव्ही४ पत्त्यांच्या टंचाईपायी इंटरनेट सेवा पुरवणाऱ्याने स्वतःच्या टोकाला राउटरसारखेच आणखी एक पत्तांतर, म्हणजे पत्ते बदलणारी यंत्रणा, बसवून अनेक बिऱ्हाडे एकाच सार्वजनिक पत्त्यावर कोंबलेली असतात. या कामासाठी १००.६४ ते १००.१२७ हा पट्टा २०१२ साली रीतसर राखूनही ठेवण्यात आला. राउटरच्या ‘वॅन’ या रकान्यात त्यातला पत्ता दिसला, की चाळ सुटल्याचा अभिमान निदान जालापुरता आवरता घेणे बरे. मदतकेंद्र मात्र राउटर बंद करून चालू करण्याचाच सल्ला देते. एवढ्या खटाटोपात राउटरचा मूळ पासवर्ड ‘अ‍ॅडमिन’च राहतो, आणि घरातल्या कोणत्याही उपकरणाला मालकास न विचारता राउटरचे दार उघडू देणारी यूपीएनपी ही सेवा कारखान्यातून आली तशीच चालू असते.