पुढच्या दोन चाकांची गोष्ट

तळ ठोकायला आलेलं आणि मग उठायचंच राहून गेलेलं गाव म्हणजे आमचं लष्कर. १८१० च्या सुमारास दौलतराव शिंद्यांची छावणी ग्वाल्हेरच्या किल्ल्याखाली पडली. तंबूंच्या जागी वाडे आले, गोरखीचा महाल झाला, देवघर झालं, आणि घोड्यांवरून आलेल्यांची नातवंडं-पतवंडं सराफ्यात दागिने मोडू-घडवू लागली, गोरखीच्या शाळेत पाढे घोकू लागली. याच शाळेत पुढे अटलजीही शिकले. घोडे गेले, पण रिकिबीत पाय अडकवून कुठेतरी निघावं ही खुमखुमी रक्तात मागे राहिली असावी. नाहीतर महाराज बाड्यावर, जिथे स्कूटर वळवायलाही चार जणांची संमती लागते, तिथे राहणाऱ्या माझ्या भाच्याने आपल्या जीपला चंबळच्या बीहडात चालायचे टायर कशाला बसवले असते?

टायर देखणे होते, यात वाद नाही. अंगठा आत जाईल एवढ्या खोल खाचा, त्यांच्यामध्ये रबराचे दणकट ठोकळे. चिखलात हे ठोकळे जमिनीला धरतात, खाचांमधला गाळ उडवून देतात आणि पुन्हा धरतात. गुळगुळीत डांबरावर मात्र त्यांना धरायला काहीच मिळत नाही. एकेक ठोकळा रस्त्यावर आपटतो आणि गाडी गुणगुणायला लागते. गुणगुणण्याचं काही नाही, पण झाशी रोडला लागून सत्तर ओलांडलं की स्टिअरिंग हातात थरथरायचं. नव्वदच्या आसपास थरथर ऐन रंगात यायची, पुढे जरा निवायची. हद्दू-हस्सू खाँसारख्या गवयांच्या गावात स्वरांच्या आंदोलनाला कुणी आजार म्हणेल असं मला वाटलं नव्हतं, पण भाच्याचा चेहरा पाहून मी गमकेचा विषय काढला नाही.

मग निदानं सुरू झाली. ताईच्या मते दृष्ट. शेजारच्या निवृत्त मास्तरांच्या मते अलाइनमेंट. पण अलाइनमेंट बिघडली तर गाडी एका अंगाला ओढते, अशी थरथरत नाही. भाच्याने डिस्कवर संशय घेतला, बेअरिंगवर घेतला, रस्ता बांधणाऱ्यांवर घेतला. टायरांवर मात्र घेईना. आवडत्या माणसाचं नाव आपण संशयितांच्या यादीत शेवटी घालतो, आणि तेही पेन्सिलीने. खरं तर तपासाची रीत साधी आहे. थरथर हातात आली तर पुढची चाकं पाहावीत, बुडाखाली आली तर मागची. ब्रेक दाबल्यावरच आली तर डिस्क. तरी शंका उरली तर पुढची चाकं मागे टाकून पाहावं. दोष चाकाचाच असेल तर थरथरही मुकाट मागे जाते.

मला आपली श्योपूरची छोटी गाडी आठवत राहिली. माधवराव शिंद्यांच्या काळची, दोन फुटी रुळांवरची. सुमारे २०० किलोमीटरला अख्खा दिवस घ्यायची आणि वाटभर प्रवाशांना सुपात पाखडायची. तिचं निदान कधी कुणी केलं नाही. जयविलास महालात जेवणाच्या टेबलावर फिरणारी चांदीची आगगाडी मात्र पाहुण्यांपुढे सुरया डौलात न्यायची. न हलता जाणं हा बहुधा राजघराण्याचाच मान असावा.

शेवटी मिस्त्रीने पुढचं चाक उतरवलं, रिमच्या आतल्या अंगाला स्क्रूड्रायव्हर घातला, आणि वाळून दगड झालेल्या मातीची एक ढेप खाली पडली. मागून दुसरी. "बाबूजी, आधा चंबल तो यहीं बैठा है," तो म्हणाला. एवढीशी माती ती काय करणार, असं वाटतं. पण ताशी ८० च्या वेगाला एवढं थोरलं चाक सेकंदाला नऊएक फेरे घेतं, आणि रिमच्या कडेला ३० ग्रॅम जादा असले तर ते दोन किलोच्या जोराने बाहेर ओढतात, प्रत्येक फेऱ्याला एकदा. वेग दुप्पट, तर ओढ चौपट. मग चाक यंत्रावर चढलं, गरगर फिरलं, काट्याने सांगितलं तिथे शिशाचे तुकडे ठोकले गेले, हवा मोजून भरली. थरथर निम्म्याने गेली. उरलेल्या निम्म्याचं काय, असं विचारल्यावर मिस्त्रीने हात पुसले. "वो टायर का अपना सुभाव है."

साधे टायर घालावेत, म्हणजे तीही जाईल, हे मी सुचवून पाहिलं. भाचा म्हणाला, "मामा, पासष्टच्या खाली चालवलं की कळतसुद्धा नाही." आणि खरंच, तो पासष्टच्या खाली चालवतो. वर्षानुवर्षं ताई कानीकपाळी ओरडत होती, "हळू चालव रे," ते काम रबराच्या ठोकळ्यांनी बिनबोभाट केलं. दसऱ्याला गोरखीच्या देवघरात शिंदे घराणं पूजा करतं, त्या दिवशी इकडे ताई जीपच्या चारही चाकांना झेंडूचे हार घालते. पुढच्या दोघांचे जरा मोठे असतात.