‘नवीन काय?’ : हैदराबादच्या लेखकांसाठी प्रथमोपचार

हैदराबादच्या मराठी लेखकाला हा प्रश्न कुठे गाठेल याचा नेम नाही. काचीगुड्याच्या भाजीवाल्यापाशी, ग्रंथसंग्रहालयाच्या पायरीवर, एखाद्याच्या तेराव्याच्या पंगतीतसुद्धा. शेजारचा भातावर वरण ओढून घेत विचारतो, “काय मग, नवीन काय?” उपचार वेळीच न झाल्यास रुग्ण घाबरून “कादंबरी चालू आहे” असं बोलून बसतो आणि पुढे सहा वर्षं तिच्या तब्येतीची चौकशी करणाऱ्यांना तोंड देत राहतो. हे मार्गदर्शन स्वानुभवावर आधारलेलं आहे. कादंबरी अजून चालूच आहे.

पहिला उपाय कालगणनेचा. पुण्यामुंबईच्या लेखकाला ही सोय नाही. ‘परसों’ म्हणजे परवा, असं ज्याला वाटतं तो या शहरात नवा. दखनीत परसों म्हणजे परवा, गेला उन्हाळा किंवा धाकट्याची मुंज झाली ते वर्ष, यांतलं काहीही. तेव्हा मागचं पुस्तक कधी आलं असं कोणी विचारलं, की बेफिकीरपणे म्हणावं, “परसोंच आलं की!” माझा कथासंग्रह येऊन अकरा वर्षं झाली, आणि या उत्तरात एक अक्षर खोटं नाही. 

दिवाळी अंकाच्या संपादकांचं मात्र परसोंवर भागत नाही. का. र. मित्रांनी १९०९ साली ‘मनोरंजन’चा दिवाळी अंक काढला तेव्हापासून ही पीडा मागे लागली आहे. फोन येतो तो मे महिन्यात, कुलर बंद पडलेला असताना. अशा वेळी कथा कबूल करू नये, विषय कबूल करावा. “पोलीस ॲक्शनच्या काळावर काहीतरी मोठं शिजतंय” एवढं पुरतं. शिजायला वेळ लागतो, हे बिर्याणीच्या गावात कोणी नाकारत नाही.

तरीही कोणी खनपटीला बसलाच तर मख्दूम मोहिउद्दीन यांचा दाखला द्यावा. त्यांचा ‘सुर्ख सवेरा’ हा कवितासंग्रह १९४४चा, त्यानंतरचा ‘गुल-ए-तर’ १९६१चा. मध्ये सतरा वर्षं! त्या वर्षांत हा कवी तेलंगणाच्या सशस्त्र लढ्यात होता, भूमिगत होता, तुरुंगात होता, पुढे विधिमंडळात होता, हा तपशील आपण होऊन सांगू नये. आपण एवढ्या काळात घराला दोनदा रंग दिला असेल. पण आकडा आकडाच असतो. टँकबंडवर पुतळा मख्दूमचाच आहे.

काही नावं मात्र चुकूनही काढू नयेत. १९३१ साली इथे साहित्य संमेलन भरलं, त्याचे अध्यक्ष होते श्रीधर व्यंकटेश केतकर. ज्ञानकोशाचे तेवीस खंड काढून झालेला माणूस. वर कादंबऱ्याही लिहीत होता. असल्या लोकांनी आमचा धंदा बसवला.

सर्वांत घातक उदाहरण मकबूल फिदा हुसेन यांचं. जन्म पंढरपूरचा, पण हैदराबादशी घरोबा. राममनोहर लोहियांनी सुचवलं म्हणून त्यांनी इथल्या बद्रीविशाल पित्तींसाठी रामायणाची चित्रमालिका रंगवली. आणि ज्यांचा कुंचला कधी थांबला नाही अशा या गृहस्थांनी, वयाच्या अठ्ठ्याऐंशीव्या वर्षी, २००४ साली सिनेमा काढला तो कशावर? काहीच न सुचणाऱ्या हैदराबादी कादंबरीकारावर! म्हणजे एकादशीचा उपास कसा असतो ते जेवून उठलेल्याने सांगावं.

‘मीनाक्षी’ हा तो सिनेमा मी मार्गदर्शनाच्या अपेक्षेने, वही घेऊन पाहिला. त्यातल्या कादंबरीकार नवाबसाहेबांना एका समारंभात अत्तरवाली मीनाक्षी भेटते. ती तब्बू, म्हणजे आपल्या गावचीच. ‘माझ्यावर लिहा’ म्हणते, लिहिलं की नाक मुरडते आणि कथा जैसलमेरहून थेट प्रागला जाते. मला समारंभात भेटले ते निवृत्त लेखापाल. त्यांच्याही जीवनावर कादंबरी हवी होती. कथानक काचीगुड्याहून सिकंदराबादपर्यंतसुद्धा गेलं नाही. नवाबसाहेब मोटार दुरुस्त करणाऱ्या पोराला नायक करतात, म्हणून मीही माझ्या स्कूटरच्या मेकॅनिकशी सलगी वाढवली. त्याने क्लचप्लेट बदलायला लावली. 

एवढा आटापिटा करून हुसेनसाहेबांनी नवीन दिलं, तर एका कव्वालीच्या शब्दांवर आक्षेप आला आणि सिनेमा थोड्याच दिवसांत थिएटरांतून काढून घ्यावा लागला. हे उदाहरण घरात सांगावं. लिहीत का नाही, असं बायको विचारायची थांबते.

आता खरा उतारा सांगतो. जपून वापरावा, कारण त्याने माणसं तुटतात. “नवीन काय?” असं विचारणाऱ्याला शांतपणे विचारावं, “मागचं कसं वाटलं?” समोरच्याला लगेच बस दिसते. लेखापालसाहेबांना तर अशी बस दिसली की जिचा तो मार्गच नव्हता. त्यांना माझा संग्रह मी सही करून, ‘सस्नेह’ लिहून दिला होता. तो मला आबिड्सला, रविवारच्या फुटपाथवरल्या पुस्तकबाजारात भेटला. पानं करकरीत. वीस रुपये पडले. मी जरा छाती काढून दुकानदाराला सांगितलं, हे मीच लिहिलंय. त्याने मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं आणि विचारलं, “अच्छा? नया क्या लिखरे साब?”

त्या प्रतीसकट एकूण एकशे चाळीस प्रती माळ्यावर आहेत. काचीगुड्याकडे येणार असाल तर पिशवी घेऊन या.