चोळा कमी, घासा जास्त

आमच्या मुलुंडच्या सोसायटीत दोन जुन्या गाड्या आहेत आणि दोन्ही गळतात. आमच्या 1971 सालच्या फियाट डिलाइटखाली काळा डाग पडतो. बी विंगमधल्या काकांच्या इम्पालाखाली लाल. सेक्रेटरींनी दोघांना एकाच मजकुराची नोटीस दिली, तेव्हा काका उखडले. "यांचं इंजिनचं तेल आहे, माझं ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचं!" सेक्रेटरींना रंगातला फरक पटला, लादीतला पटला नाही.

फियाटचा जन्म कुर्ल्याचा, प्रीमियरच्या कारखान्यातला. तिथून एलबीएस रोडनं नाकासमोर निघालं की मुलुंड. पन्नासहून अधिक वर्षांत बाईंनी एवढीच मजल मारली. 1089 सीसीचं इंजिन, गिअर स्टिअरिंगच्या दांड्याला. त्या काळी गाडीला नंबर लावून वर्षानुवर्षं थांबावं लागे, त्यामुळे आमच्याकडे तिला विकायची भाषा आजही कुणी मोठ्यानं करत नाही.

गळतीची बातमी फुटली तसे सल्ले सुरू झाले. वॉचमनपासून मेहुण्यापर्यंत सगळ्यांचं एकच म्हणणं: "अनाबाँड चोपडा भरपूर!" उपनगरातल्या माणसाचा ट्यूबमधल्या लगद्यावर फार विश्वास. सोसायटीची गच्ची याच विश्वासावर दर जूनमध्ये गळते.

भांडुपचे आमचे मिस्त्री मात्र ट्यूब पाहूनच वैतागतात. "साहेब, लांबी भिंतीला लावतात." जास्तीचा लगदा दाबला की बाहेर येतो तसा आतही जातो. तिथे त्याचे तुकडे सुटतात, ऑइल चेंबरमधल्या जाळीवर जाऊन बसतात आणि पंपाला तेल मिळेनासं होतं. गळती थांबते, मागोमाग इंजिनही.

त्यांचं काम बघायला मी मुद्दाम स्टूल घेऊन बसलो. टॅपेट कव्हर पत्र्याचं. ते त्यांनी काचेवर पालथं ठेवलं आणि कडेखालून कागदाची पट्टी सरकवली. बोल्टांच्या भोकांपाशी पट्टी अडली, मधे सुळकन आरपार गेली. आजवरच्या प्रत्येक हातानं बोल्ट जीव खाऊन आवळल्यामुळे पत्रा तेवढ्याच जागी दबला होता. मिस्त्रींनी छोट्या हातोडीनं तो टकटक करत सपाट केला. मग ब्लेडनं जुनं पॅकिंग खरवडणं, पेट्रोलनं पुसणं, पुन्हा खरवडणं. अख्खी सकाळ यातच गेली. कॉर्कचं नवं पॅकिंग सुकून आखडलं होतं. ते थोडा वेळ पाण्यात टाकलं, फुगलं आणि जागेवर बसलं. बोल्ट आधी बोटांनी, मग पान्यानं थोडे थोडे, आळीपाळीनं. पोऱ्यानं जोर लावताच मिस्त्री ओरडले, "नळ आहे का तो?"

त्यानंतर त्यांनी ब्रीदर पाइप साफ केला. रिंगा झिजल्या की सिलिंडरमधला गॅस खाली उतरतो. त्याला ब्रीदरची वाट मिळाली नाही तर तो तेलाला सीलमधून बाहेर ढकलतो. अशा वेळी नुसतं नवं ऑइल सील घालणं म्हणजे पैसे तेलात.

इम्पालाचं प्रकरण याहून सोवळ्यातलं. पॉवरग्लाइड गिअरबॉक्स, गिअर फक्त दोन, पण उघडल्यावर टेबल भरून सामान. काकूंनी पुसायला जुन्या सुती साड्या काढून दिल्या. घाटकोपरच्या मिस्त्रींनी त्या हात जोडून परत केल्या. सुताचा एक धागा व्हॉल्व्हमध्ये अडकला तरी गिअर बदलायचा बंद. नव्या क्लच प्लेटा आधी लाल तेलात भिजवायच्या, सील बसवताना व्हॅसलीन. शेवटी टॉर्क कन्व्हर्टर फिरवत फिरवत पार आत बसवायचा. जरा बाहेर राहिला आणि बोल्ट आवळले, तर पंपच मोडतो. त्या संध्याकाळी काका चहालाही आले नाहीत.

2021 च्या जुलैत केंद्रानं विंटेज गाड्यांचे नियम काढले. पन्नास वर्षांवरची गाडी असेल तर 'व्हीए'चा नंबर मिळतो, नव्या नोंदणीला 20,000 रुपये. अट अशी की चासी, बॉडी, इंजिन यांत मोठे फेरफार नकोत आणि गाडी नेहमीच्या वापरात नको. दुसरी अट आमची गाडी स्वतःहून पाळते. गळतीबद्दल नियमांत काही सापडतं का, हे सेक्रेटरींनी दोनदा वाचून पाहिलं.

सध्या इम्पाला कोरडी आहे. फियाटचा डाग रुपयाएवढा उरलाय आणि मिस्त्रींच्या मते तेवढा तिचा हक्क आहे. तेव्हा कुणाच्या माळ्यावर फियाटचा जुना पॅकिंग सेट पडला असेल तर भंगारात घालू नका, आम्हाला द्या. ट्यूब मात्र तुमच्या गच्चीलाच राहू द्या.