मी, खाली सही करणारा, मलाच विनंती करतो की

जुन्या डिस्कमधला आपल्याच नावाचा फोल्डर उघडायला जावं, तर संगणक पाटी लावतो: यात बदल करायचा असेल तर अमुक-अमुक यांची परवानगी घ्या. आणि अमुक-अमुकच्या जागी नाव कोणाचं? आपलंच. स्पेलिंगसकट. ही पाटी ज्यांनी पाहिलेली नाही, त्या पुण्यवंतांनी इथूनच थेट शब्दकोड्याकडे वळावं.

मुळात फाईल सापडणं हेच नशीब. डाऊनलोड 'झालं' असं संगणक सांगतो, कुठे झालं ते सांगत नाही. आमच्याकडे मानपाडे दोन, एक ठाण्यात घोडबंदर रोडला, एक डोंबिवलीत. पार्सलवाला कायम दुसऱ्याच मानपाड्यात उभा राहून फोन करतो, "साहेब, खाली आलोय." फाईलही अशीच खाली आलेली असते. कंट्रोल आणि जे एकदम दाबलं की ब्राउझर यादी दाखवतो, हे घरातल्या पोरांना माहीत असतं, पण पोरं घरात नसतात. मग तीच फाईल पुन्हा उतरवायची. त्यामुळे घरोघरी लाइट बिलापुढे कंसात १, कंसात २, कंसात ३ अशी पिलावळ नांदत असते.

यावर रिपेअरवाल्याचं औषध एकच, "फॉर्मॅट मारावा लागेल, काका." प्रिंटरची शाई संपली? फॉर्मॅट. स्पेसबार अडकला? फॉर्मॅट. डिस्क नवी टाकतो, जुनी बाजूला जोडून देतो, डेटा सगळा आहे, टेन्शन घेऊ नका. डेटा असतो हो! आपण नसतो. कारण संगणक नावाला विचारत नाही. प्रत्येक खात्याला तो एस-१-५-२१ पासून सुरू होणारा लांबलचक आकडा देतो आणि फाईलचा मालक म्हणून तो आकडा लिहून ठेवतो. फॉर्मॅटनंतर नाव तेच, फोटो तोच, पासवर्डही तोच, आकडा मात्र नवा. म्हणजे फॉर्मॅटपूर्व मी कैलासवासी झालो आणि सगळी इस्टेट त्याच्या नावावर राहिली. पाटीवर कधी नावाऐवजी हा आकडाच येतो. एस-१-५-२१ यांची परवानगी घ्या म्हणे. कुठे बसतात हे साहेब? जेवणाची सुट्टी कधी असते?

बरं, अडकलेली फाईल कोणती, तर फ्लॅटचा इंडेक्स टू. घराचा मालक मीच, असं त्या फाईलमध्ये नोंदणीच्या क्रमांकासह लिहिलंय. फाईलचा मालक मी नाही, असं संगणकाचं म्हणणं. तेव्हा रीतसर अर्ज करणं आलं. प्रति, मी (जुना). अर्जदार, मी (नवा). विषय: माझी फाईल मला पाहू देण्याबाबत. महोदय, उपरोक्त विषयास अनुसरून सविनय कळवतो की मी आपल्याच घरात, आपल्याच खुर्चीवर बसत असून आपल्याच पत्नीची बोलणी खात आहे. सोबत फोटो जोडला आहे. आपण ओळखालच, तेव्हा केस थोडे जास्त होते. यावर महोदयांनी अर्ज दप्तरी दाखल केला असता आणि उद्या या म्हटलं असतं, तरी मी ऐकलं असतं. पण संगणक त्याहून पोचलेला. आधी म्हणतो, कंटिन्यू दाबा, कायमचा प्रवेश मिळेल. कायमचा! दाबलं. हिरवी पट्टी वर सरकते, सरकते, घरातले जेवून उठतात, आणि मग उत्तर येतं की प्रवेश नाकारला आहे, सिक्युरिटीच्या टॅबमध्ये जा. मग आधी कंटिन्यू कशाला दाबायला लावलंत?

गेलो. प्रॉपर्टीज, सिक्युरिटी, ॲडव्हान्स्ड, ओनर, चेंज. तिथे स्वतःचं नाव टाइप करायचं आणि ते खरं आहे का हे 'चेक नेम्स' दाबून संगणकाकडून तपासून घ्यायचं. आतल्या सगळ्या फाईलींचा मालक बदला, या चौकोनात टिक करायची, नाहीतर वरचा फोल्डर तेवढा आपला आणि आतला मुद्देमाल कैलासवासींचा. एवढं करून मालक झालं, की कळतं, मालक असणं वेगळं आणि परवानगी असणं वेगळं. आता मालक या नात्याने मी मला 'फुल कंट्रोल' बहाल करायचा! फाईलींच्या मालकीची ही व्यवस्था १९९३ साली विंडोज एनटीबरोबर आली ती ऑफिसांसाठी, जिथे शिपायाने साहेबाची फाईल उघडू नये म्हणून. २००१ साली एक्सपीबरोबर ती घरात शिरली. आमच्या घरात शिपाई नाही, साहेब नाही, डोळ्यांवर चष्मा चढवलेला एक माणूस आहे आणि त्याचा संगणक आहे, रोख पैसे मोजून घेतलेला. कोणापासून कोणाची फाईल वाचवताय?

उघडली अखेर. लगेच सोसायटीच्या सेक्रेटरींना व्हॉट्सॲपवर पाठवली. उत्तर आलं, "पीडीएफ नको. झेरॉक्स आणा, सेल्फ-अटेस्टेड." दहा-बारा वर्षांपूर्वी राजपत्रित अधिकाऱ्याच्या शिक्क्याची कटकट बऱ्याच ठिकाणी गेली, तेव्हापासून कागदावर 'खरी प्रत' असं खरडून खाली सही ठोकली की मी म्हणजे मीच, हे शेजारच्या झेरॉक्सवाल्यापासून सेक्रेटरींपर्यंत सगळ्यांना मान्य असतं. झेरॉक्सचे दोन रुपये झाले. सही फुकट.