पोट्टीले बाहेर बसवलं म्हने!

"काय वं ताई, आयकलं का? कोपऱ्यावरच्या त्या हुशार पोट्टीले पालकसभेत वर्गाच्या बाहेर बसवलं म्हने!"

दिवाळीची साफसफाई चाललेली. मी गोधड्या भिंतीवर टाकायला गेले, तर वैनी पलीकडून वाटच बघत होत्या. आमच्या खामगावात चांदीचा भाव आणि शेजारच्याचा निकाल, दोन्ही लपून राहत नाहीत.

"बाहेर कशाला? काही केलं का तिनं?"

"कायचं करते! मॅडम म्हने, आता मोठ्यायचं बोलनं हाये, लेकरायनं व्हरांड्यात बसा. सारेच पोट्टे बाहेर. पन हिचं पाहा ना! मागच्या महिन्यात हेच पोट्टी शाळेच्या कमिटीत अध्यक्षाच्या बाजूले खुर्ची टाकून बसली होती. खिचडीतलं वरन पातळ राह्यते म्हून तोंडावर सांगतलं तिनं!"

आता यातली गंमत बघा. शिक्षण हक्क कायदा 1 एप्रिल 2010 पासून लागू झाला आणि त्यातून शाळा व्यवस्थापन समित्या आल्या. तीन चतुर्थांश सदस्य पालक, एकूण सदस्यांत निम्म्या बायका. त्याच वर्षी महाराष्ट्र शासनानं त्यात दोन विद्यार्थीही घ्यायला सांगितले, त्यातली किमान एक मुलगी. ही आमची सातवीतली बाईसाहेब तीच. छत गळतं, मुलींच्या संडासाला कुलूप असतं, खिचडी कशी असते, या सगळ्यावर तिला विचारायचं. तिच्या स्वतःच्या अपूर्णांकांवर मात्र तिच्या माघारी बोलायचं!

मी हे म्हटलं, तर वैनी फणकारल्याच. "मले तं बरंच वाटलं बाप्पा. आमच्या टायमाले सभेत लेकरायले उभं करत. गुरुजीनं सांगतलं, पोरगी गनितात कच्ची हाये. आमच्या बाबानं तथीच, साऱ्या गावासमोर, कानाखाली ठेवून देल्ली. त्यापरीस व्हरांडा बरा नाही का?"

यावर मला लगेच उत्तर सुचलं नाही. पण उत्तर द्यायला मागच्या घरातले गुरुजी होतेच. निवृत्त झाले तरी कान अजून शाळेतच. उभी नोकरी संग्रामपूर-जळगाव जामोदकडं, सातपुड्याच्या पायथ्याशी झालेली.

"वैनी, चूक बापाची आणि शिक्षा पोरीला?" ते भिंतीजवळ येत म्हणाले. "कायद्याचं 24 वं कलम काढून बघा. पालकांना नियमित भेटायचं, हजेरी, शिकण्याची क्षमता, प्रगती सांगायची, हे शिक्षकाचं काम म्हणून लिहिलंय. पोराला बाहेर काढा असं त्यात कुठं नाही. आत घ्या असंही नाही म्हणा."

"मंग झालं तं!"

"काय झालं? आपल्याकडं सभेला येतं कोण, ते तर बघा. ऑक्टोबरात सभा. तेव्हा सोयाबीनची सोंगणी, नंतर लगेच कपाशीची वेचणी. बाप वावरात, माय मजुरीवर. एक दिवस बुडवला तर रोज बुडतो. मग येते आजी. प्रगतिपत्रक वाचणार कोण? नातूच! एकाला क-2 श्रेणी होती. आजीनं विचारलं, हे काय रे? तर म्हणतो, क म्हणजे कडक. आजीनं खुश होऊन मला बोंडअळीतून वाचलेल्या कपाशीचं कौतुक सांगितलं आणि गेली."

वैनी हसता हसता गोधडीला टेकल्या.

"आणि आमच्याकडं कोरकू, भिलाला घरं," गुरुजींचा सूर जरा बदलला. "आईला मराठी जड जायची, मला तिची बोली तोडकीमोडकी यायची. मधे दुभाषी कोण? तिसरीतली पोरगी. तिला बाहेर पाठवून मी बोलणार कोणाशी, फळ्याशी? ती स्वतःच आईला सांगायची, मी पाढे चुकवते. आई रागवायची नाही. पोरीनं स्वतः सांगितलेलं होतं ना."

माझ्या नणंदेची मुलगी टोकियोत असते, एदोगावा भागात, तिकडं आपली बरीच माणसं आहेत. तिच्याकडून ऐकलेलं मी मग सांगून टाकलं. जपानात माध्यमिक शाळेत शिक्षक, पालक आणि मूल अशी तिघांचीच भेट असते. पुढं कुठल्या हायस्कूलला जायचं, हे मुलासमोर, मुलाशी बोलून ठरतं. वैनींना त्यापेक्षा दुसरीच बातमी आवडली: त्याच एदोगावातून 2019 साली योगेंद्र पुराणिक नावाचा मराठी माणूस नगरसेवक म्हणून निवडून आला आणि पुढं इबाराकी प्रांतातल्या एका सरकारी हायस्कूलचा मुख्याध्यापकही झाला. "म्हंजे आपल्या मानसाच्या हापिसात जपानी मायबाप बसते? आन् पोट्टंही?" बसले असतील की, मी म्हटलं.

"पन ताई," वैनी सहज हार मानणाऱ्या नव्हेत, "एखाद्याचा बाप पिते. मायबापाचं पटत नाही. पोट्टं रातच्याले अथरून ओलं करते. हे का त्याच्या तोंडासमोर बोलू?"

नको. इथं मी वैनींच्या बाजूची. काही गोष्टी मोठ्यांनी मोठ्यांशीच बोलाव्यात. गुरुजींची युक्ती मला पटली. सगळं बोलून झालं की शेवटची पाच मिनिटं ते पोराला हजेरीबुक ऑफिसात ठेवायला पाठवत आणि तेवढ्यात घरचं विचारून घेत. पाच मिनिटांच्या बोलण्यासाठी पोराला अख्खी सभा व्हरांड्यात बसवायची गरज नाही. आणि सभा म्हणजे तरी काय, कित्येक ठिकाणी अख्ख्या वर्गाचे मार्क अख्ख्या वर्गाच्या पालकांसमोर वाचायचे. ती पद्धत तर मुलं आत असोत की बाहेर, बंदच व्हायला हवी. वैनींच्या बाबांचा हात तिथंच उठला होता.

आमच्या बुलढाणा जिल्ह्यात पालक मेळावा म्हटला की आधी जिजाऊंच्या फोटोला हार. जिजाऊंचं सिंदखेडराजा आपलंच, ते व्हायलाच हवं. पाहुणे म्हणतात, प्रत्येक मातेनं जिजाऊ व्हावं. आणि त्यानंतरची सूचना काय? मुलांनी बाहेर जावं! जिजाऊसाहेबांनी शिवबांना समोर बसवूनच घडवलं असेल ना हो?

2020 च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणात समग्र प्रगतिपत्रक सांगितलंय. त्यात मुलानं स्वतःबद्दल लिहायचं, सोबत्यांनी त्याच्याबद्दल लिहायचं, आणि ते पत्रक घर आणि शाळा जोडण्यासाठी पालकसभेच्या जोडीनं चालायचं. लिहिणारा व्हरांड्यात आणि वाचणारे आत, हे कसं चालेल? मुलाशी संबंधित गोष्टीत त्याचं म्हणणं ऐकायचं, हे संयुक्त राष्ट्रांच्या 1989 च्या बालहक्क करारातल्या 12 व्या कलमात आहे, आणि भारतानं तो करार 1992 साली मान्य केलाय.

"कलम-बिलम राहू द्या," वैनी म्हणाल्या. "पुढच्या सभेले मी आमच्या पोट्ट्याले आत नेतो. पन आंधी त्याच्या बापाले सांगून ठेवतो, हात खिशात ठेवजो म्हनून."

एवढं झालं तरी पुष्कळ. पहिली-दुसरीचं लेकरू दहा मिनिटांत कंटाळेल, त्याला खेळायला सोडा. चौथी-पाचवीपासून मात्र आत बसवा, आणि पहिलं बोलणं त्याचं असू द्या: काय जमतं, काय अडतं. मग मॅडम बोलतील, मग तुम्ही. मॅडमांनी बाहेर पाठवलं तर भांडू नका, फक्त "कशाला?" एवढं विचारा. आणि मुख्याध्यापकांना एक विनंती: सभा सोंगणीच्या आठवड्यात ठेवू नका, ठेवायचीच तर संध्याकाळी ठेवा. मायबापाचा रोज बुडणार नाही आणि आजीला क-2 चा अर्थ नातवाकडून विचारावा लागणार नाही.