‘आठ जणांसाठी’ असं ठोकून देणाऱ्यांना

पाककृतीकार महोदय,

सप्रेम नमस्कार लिहावा इतकं प्रेम आज उरलेलं नाही, म्हणून थेट मुद्द्यावर येते.

‘चिकन दीड किलो, आठ जणांसाठी.’ एवढं लिहून तुम्ही मोकळे झालात. आषाढातल्या शेवटच्या रविवारी ती ओळ घेऊन मी दुकानात गेले. दुकानदाराने विचारलं, “दीड किलो जिवंत, की साफ करून?” याचं उत्तर तुमच्या पाककृतीत नव्हतं. मी ‘जिवंत’ म्हणून बसले. पिसं, कातडी, डोकं, पाय, आतडी गेल्यावर पिशवीत आलं ते जेमतेम किलोभर.

पुढचा हिशेब तुम्ही कधी केलाच नाहीत, तो मी मांडते. जिवंत ब्रॉयलर कोंबडी कातडी काढून साफ केली की साधारण 65 टक्के वजन हाती येतं. त्यातला तिसरा हिस्सा हाडांचा. उरलेलं मांस शिजताना पाणी सोडतं आणि पाऊणपट होतं. म्हणजे एखाद्या पाककृतीतलं चौघांसाठीचं ‘एक किलो’ जिवंत कोंबडीचं असेल, तर माणशी शिजलेलं मांस 80 ग्रॅमच्या आसपास; साफ करून हाडासकट असेल तर 125; बोनलेस असेल तर 190. शब्द तोच, ताटं मात्र तीन तऱ्हांची. गावरान कोंबडी आणली तर छाती बारीक, हाड जड. मांस आणखी कमी. पाणी घालून रस्सा वाढवता येतो. तुकडे वाढवता येत नाहीत.

आमच्याकडे त्या दिवशी माणशी 60 ग्रॅमच आलं असतं, तेही सारखं वाटलं असतं तर. पण घरात वाटणी सारखी होत नाही. कोंबडीला तंगड्या दोनच, त्या मुलांना गेल्या. छातीचे तुकडे पाहुण्यांना. कलेजी बाबांना. आई शेवटी बसली तेव्हा पातेल्यात मान, पाठीची हाडं आणि वाटीभर रस्सा होता. “मला रस्साच आवडतो,” ती म्हणाली. हे वाक्य मी लहानपणापासून ऐकत आले आहे. त्या दिवशी आकडे मांडले आणि कळलं, ते वाक्य म्हणजे आमच्या घरातली वजाबाकी आहे.

तुमच्या अंदाजपंचे आकड्यातली तूट अशी भरून निघते, महोदय. जी रांधते आणि सगळ्यांच्या मागून जेवते, तिच्या ताटातून.

म्हणून यापुढे लिहाल तेव्हा वजन कशाचं ते लिहा: जिवंत, साफ केलेलं की बोनलेस. तुकडे किती करायचे ते लिहा. माणशी किती धरलंत तेही लिहा. भाकरी-भाताबरोबर हाडासकट साफ केलेलं 250 ग्रॅम, हे माझं प्रमाण. आठ जणांना 2 किलो, म्हणजे जिवंत कोंबडी 3 किलोंहून थोडी जास्तच.

आणि वाचकहो, दुकानात जाण्याआधी माणसं मोजाल तेव्हा सुरुवात रांधणारीपासून करा. तिचा तुकडा आधी बाजूला काढा, मग पंगत वाढा.

कळावे,
एका आईची मुलगी